नाळेचं रक्त साठवायचं का? थॅलेसेमिया असलेल्या मुलीच्या वडिलांना उत्तर

विट्याच्या एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. ते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे कोईमतूरला असतात. चार वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, वजन चौदा किलो, दर तीन आठवड्यांनी सांगलीत रक्त लावावं लागतं. पत्नी आता सातव्या महिन्यात असून बाळंतपणासाठी माहेरी आल्या आहेत. प्रसूतिगृहात नाळेचं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी भेटला. त्यानं सांगितलं की सत्तर हजारांत, हप्त्यानं, बाळाच्या नाळेचं रक्त साठवू. ते ऐंशी आजारांवर चालतं, मोठ्या मुलीचा आजार त्यानं जाईल आणि भावाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे त्यालाही उपयोग होईल. सोनोग्राफी नॉर्मल आहे, त्यामुळे बाळ ठीक आहे असं घरचे धरून चाललेत. पैसे भरायचे का, एवढंच त्यांनी विचारलंय.

मी सांगलीत बरीच वर्षं लहान मुलांच्या रक्ताचे आजार बघते. थॅलेसेमियाची पुष्कळ मुलं आमच्याकडे रक्त लावत लावत मोठी झाली आहेत. त्या अनुभवावरून आधी एक सांगते: पैसे भरायचे का हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की येणाऱ्या बाळाला थॅलेसेमिया आहे का. दुसरा, त्या बाळाच्या पेशी तुमच्या मुलीशी जुळतात का. पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असं आलं तरच नाळेच्या रक्ताच्या त्या पिशवीला तुमच्या घरात अर्थ आहे. प्रतिनिधीनं तिसऱ्यापासून सुरुवात केली, कारण त्याच्याकडे विकायला तेवढंच आहे.

थॅलेसेमिया मेजरमध्ये हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलेलं असतं. तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतात. तिथल्या मूळपेशींतच, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या पेशी बनतात त्या स्टेम सेल्समध्येच दोष असल्यामुळे बाहेरून कितीही रक्त दिलं तरी ते काही आठवड्यांपुरतंच पुरतं. प्रत्यारोपण म्हणजे औषधांनी तो जुना मॅरो रिकामा करायचा आणि दुसऱ्या कुणाच्या निरोगी मूळपेशी शिरेतून सोडायच्या. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन रुजतात. या मूळपेशी तीन ठिकाणांहून मिळतात: दात्याच्या कमरेच्या हाडातल्या मॅरोतून, औषध देऊन दात्याच्या वाहत्या रक्तातून, आणि बाळंतपणात नाळ व वारेत उरलेल्या रक्तातून. म्हणजे नाळेचं रक्त हा वेगळा इलाज नाही, त्याच इलाजासाठी लागणाऱ्या पेशींचा तो एक साठा आहे. मॅरो प्रत्यारोपणाचा मार्ग घालून देणाऱ्या डॉ. डोनाल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, म्हणजे सीएमसीत, १९८६ मध्ये हे काम सुरू झालं. नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लकमन यांनी केलं. फँकोनी अॅनिमिया, म्हणजे मॅरो निकामी होत जाणारा जन्मजात आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं होतं. तो प्रसंग तुमच्या घरासारखाच होता. मोठं भावंड आजारी आणि आईच्या पोटात धाकटं. फरक एवढाच, की ते बाळ निरोगी आहे आणि त्याच्या पेशी जुळतात हे तिथं जन्माआधीच तपासून झालं होतं.

आता जुळण्याबद्दल. रक्तगट जुळणं आणि हे जुळणं यांचा संबंध नाही. इथं एचएलए नावाच्या खुणा बघतात. त्या सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि आईकडून एक संच, वडिलांकडून एक संच अशा येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील मात्र जवळजवळ नेहमीच अर्धे जुळतात. थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. बाळाला मेजर नसण्याची शक्यता चारात तीन आणि पूर्ण जुळण्याची चारात एक. दोन्ही मिळून सोळांत तीन, म्हणजे शंभरात साधारण एकोणीस. बाळ मायनर असलं, म्हणजे तुम्हा दोघांसारखं नुसतं वाहक असलं, तरी दाता म्हणून चालतं. ते या सोळांत तीनमध्ये धरलेलं आहे.

सोळांत तीन हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. एकोणीस टक्के म्हणजे काहीच नाही असं नाही, ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला ती मोठी आशा आहे. पण 'मुलीचा आजार जाईल' असं छातीठोकपणे सांगण्यासारखीही ती नाही. सोळांत चार वेळा बाळालाच मेजर असतं. मग ते रक्त बहिणीला कितीही जुळलं तरी द्यायचं कसं? त्यात तोच दोष. आणि सोळांत नऊ वेळा बाळाला मेजर नसतं पण ते बहिणीशी जुळत नाही.

सोनोग्राफीवर विसंबू नका. ती बाळाचे अवयव दाखवते, हिमोग्लोबिनचं जनुक दाखवत नाही. पोटातल्या बाळाची थॅलेसेमियाची तपासणी वेगळी असते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा कण काढून, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून, ती करतात. घरात एक मूल मेजर असताना पुढच्या प्रत्येक खेपेला ही तपासणी वेळेत सुचवली जायला हवी. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे. पत्नीला यात दोष देऊ नका, कुणाला देऊ देऊही नका. दिवस राहिल्या राहिल्या अकराव्या आठवड्याआधी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं, हे बायकांना सहसा कुणी सांगतच नाही.

आत्ता करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. तुमचं, पत्नीचं आणि मुलीचं जनुकाचं निदान झालंय का ते फायलीत बघा. 'एचपीएलसी'चा रिपोर्ट असेल, तो वेगळा. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात, आणि ए-टू साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की वाहक म्हणतात. मला हवाय तो डीएनएचा रिपोर्ट, नेमका बिघाड कोणता हे सांगणारा. भारतात पाच-सहा ठरावीक बिघाडच बहुतेक रुग्णांत सापडतात, त्यामुळे तो शोधणं फार कठीण नसतं. तो हातात असेल तर बाळ जन्मल्यावर त्याच्या नाळेतलं थोडंसं रक्त तपासून बाळ मेजर आहे का मायनर का मोकळं, हे कळतं. जन्मलेल्या बाळाची एचपीएलसी करून याचं उत्तर नीट मिळत नाही, कारण तेव्हा त्याच्या अंगात बहुतांश गर्भातलंच हिमोग्लोबिन असतं. 'वर्षाचं झालं की बघू' असं कुणी म्हटलं तर ते त्या एचपीएलसीपुरतं खरं आहे, डीएनएला तेवढं थांबावं लागत नाही. त्याच नमुन्यातून बाळाची एचएलएही करता येते. मुलीची एचएलए करताना नमुना रक्त लावण्याच्या आधी घ्यायचा किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीनं घ्यायचा. तिच्या अंगात सतत दुसऱ्यांचं रक्त असतं, म्हणून हे सांभाळावं लागतं.

आता पिशवीकडे येऊ. समजा नशिबानं बाळ मोकळं आहे आणि जुळतंय. तरी नाळेच्या रक्तात पेशी मोजक्याच असतात. एका बाळंतपणात चांगलं जमलं तर ऐंशी ते शंभर मिली रक्त मिळतं, पुष्कळदा त्याहून कमी. थॅलेसेमियासारख्या आजारात रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे निदान साडेतीन कोटी पेशी साठवलेल्या असाव्यात असं धरतात. तुमची मुलगी चौदा किलोची आहे, म्हणजे एकोणपन्नास कोटी. एवढ्या पेशी बऱ्याच पिशव्यांत मिळतात. पण हीच मुलगी नऊ-दहा वर्षांची, तीस किलोची झाली की एकशे पाच कोटी लागतील, आणि मग तीच पिशवी अपुरी पडेल. 'आयुष्यभरासाठी साठवा' म्हणणारा हे गणित मांडत नाही. पिशवी आहे तेवढीच राहते, मूल वाढतं.

शिवाय हे बाळ तुमच्या घरात वाढणार आहे. ते साधारण वर्षाचं, नऊ-दहा किलोचं झालं की त्याच्या कमरेच्या हाडातून मॅरो काढता येतो. दात्याच्या वजनाच्या किलोमागे दहा ते वीस मिली, भूल देऊन. लोकांना वाटतं मणक्यातून काढतात आणि पोर अधू होतं. मणक्याचा इथं काही संबंध नाही. सुई मागच्या बाजूनं कमरेच्या हाडात जाते, दोन-तीन दिवस दुखतं, बाळाला थोडं रक्त किंवा लोह द्यावं लागू शकतं, आणि काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. म्हणजे नाळ फेकली म्हणून मुलीची संधी गेली असं होत नाही.

मग पिशवीचा फायदा काय? दात्या बाळाला सुईही टोचावी लागत नाही. पेशी तयार असतात. आणि नाळेच्या पेशी जरा मवाळ असतात, परक्या शरीरावर उलटण्याचा त्रास त्यांनी कमी होतो. तोटा असा, की त्या रुजायला वेळ घेतात. मॅरोला अडीच-तीन आठवडे लागत असतील तर इथं चार-पाच आठवडेही लागतात, तेवढे दिवस जंतुसंसर्गाचा धोका जास्त, आणि न रुजण्याचीही शक्यता थोडी जास्त. २०१३ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी भावंडांकडून झालेल्या प्रत्यारोपणांचा एक मोठा आढावा छापला. थॅलेसेमियाच्या मुलांत सहा वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण मॅरोनं ८६ टक्के आणि नाळेच्या रक्तानं ८० टक्के होतं. दोन्ही चांगलेच आकडे आहेत, पण नाळेचं रक्त मॅरोहून सरस आहे असं त्यातून निघत नाही. पुष्कळ केंद्रं दोन्ही एकत्र वापरतात. कवठेमहांकाळकडच्या एका मुलाचं असंच झालं. धाकट्या बहिणीची पिशवी साठवलेली होती, पण पेशी मोजल्यावर त्या त्याच्या वजनाला कमी पडत होत्या. केंद्रानं बहीण सव्वा वर्षाची होईपर्यंत थांबून तिच्या मॅरोची जोड दिली. आता तो शाळेत जातो, रक्त लावणं बंद आहे.

तर साठवायचं का? तुमच्या बाबतीत साठवण्याला कारण आहे, असं माझं मत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, दोघांचाही कल हाच आहे: निरोगी घरानं स्वतःच्याच बाळासाठी विमा म्हणून खाजगी बँकेत साठवू नये, पण प्रत्यारोपणानं बरा होणारा आजार असलेलं भावंड घरात असेल तर त्याच्यासाठी साठवणं योग्य. पण सत्तर हजारांचा करार करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राशी बोला. ते अशा बँकेची पिशवी स्वीकारतात का, की वर्षभर थांबून बाळाचा मॅरोच घेतात? काही ठिकाणचे डॉक्टर साफ सांगतात, नाळेच्या भानगडीत पडू नका, बाळ जुळलं तर वर्षानं या. तसं उत्तर आलं तर सत्तर हजार वाचवा. ते पैसे पुढं लागणारच आहेत. आणि करार करायचाच असेल तर त्यात ही अट लिहून घ्या: बाळ मेजर निघालं, बहिणीशी जुळलं नाही किंवा पेशी कमी भरल्या, तर साठवण बंद आणि पुढचे हप्ते माफ. पेशींची मोजणी, जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुतपासणीचा रिपोर्ट लेखी मागा. बँकेकडे औषध प्रशासनाचा परवाना आहे का ते बघा. 'या आठवड्यात भरलं तर सूट' हे ऐकून सही करू नका, बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत.

रक्त घेताना काय होतं तेही सांगते, म्हणजे घरच्यांची भीती जाईल. बाळ बाहेर येतं, नाळ बांधून कापली जाते, बाळ बाजूला जातं. मग आईकडच्या उरलेल्या नाळेतली जाड शीर पुसून निर्जंतुक करतात, तिच्यात सुई घालतात आणि पिशवी खाली धरतात. रक्त आपल्या वजनानं उतरतं. निळसर, फुगलेली नाळ काही मिनिटांत पांढरी पडते. आईला कळतही नाही. सिझेरियनमध्येही जमतं. एक गोष्ट मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच ठरवा. नाळ निदान एक मिनिट थांबून बांधावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्यात बाळाला त्याचं स्वतःचं रक्त मिळतं, लोह मिळतं. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईनं बांधू नये. थांबल्यामुळे पिशवी थोडी कमी भरली तर भरू दे. ते रक्त आधी त्या बाळाचं आहे.

आणि पिशवीचं काहीही ठरो, एक काम बिनपैशाचं आहे आणि ते चुकवायचं नाही. त्याच नाळेतून पाच-सहा मिली रक्त जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्यांत घ्यायला सांगा. एक डीएनएसाठी, एक एचएलएसाठी. नळ्यांवर 'बाळाचं, नाळेतलं' असं आणि आईचं नाव स्पष्ट लिहायचं, फ्रीजमध्ये ठेवायच्या, फ्रीजरमध्ये नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाठवायच्या. रात्री-अपरात्री बाळंतपण झालं तर कुणाला आठवणार नाही, म्हणून हे कागदावर लिहून पत्नीच्या फायलीला लावून ठेवा.

ऐंशी आजारांची यादी खोटी नाही, पण ती वाचायची कशी ते सांगत नाहीत. त्यातला मोठा भाग रक्ताच्या कर्करोगांचे आणि मॅरोच्या बिघाडाचे वेगवेगळे प्रकार आहेत: तीव्र ल्युकेमिया, तोही सगळा नाही, उलटलेला किंवा धोकादायक प्रकारचा, मायलोडिस्प्लेसिया, अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे मॅरो सुकून जाणं. मग थॅलेसेमिया, सिकलसेल, फँकोनी. मग जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली मुलं. आणि हर्लरसारखे काही दुर्मिळ चयापचयाचे आजार किंवा हाड दगडासारखं होणारा ऑस्टिओपेट्रोसिस, ज्यात लवकर प्रत्यारोपण केलं तर आजार तिथंच थांबतो. काही आजार यादीत आहेत पण प्रत्यारोपणाची गरज उरलेली नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाला २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि आता त्यातले बहुतेक रुग्ण गोळीवरच राहतात. मुख्य म्हणजे या यादीतल्या बहुतेक आजारांना दुसऱ्याच्या पेशी लागतात, स्वतःच्या नाही. जन्मजात दोष असेल तर तो स्वतःच्या नाळेतही असतो. ल्युकेमियात तर पुढं कर्करोग होणाऱ्या पेशींची सुरुवात कित्येकदा जन्माच्या वेळच्या रक्तातच सापडते. तेच रक्त परत देऊन काय साधणार? म्हणून ज्या घरात असा आजार नाही त्या घरानं, शेजारणीनं साठवलं म्हणून, सत्तर हजार घालू नयेत. ही यादी तुमच्यासाठी एका ओळीची आहे, आणि त्या ओळीवर थॅलेसेमिया लिहिलंय.

सेरेब्रल पाल्सी त्या सिद्ध यादीत नाही. ऑटिझमही नाही. त्यावर संशोधन चालू आहे, पण पैसे घेऊन इलाज म्हणून मूळपेशी देण्याला आपल्याकडच्या नियमांत जागा नाही. तुमच्या पुतण्याचा वेळ फिजिओथेरपीत, बोलण्याच्या सरावात आणि झटके असतील तर त्यांच्या औषधांत घालवा. भावाला हे नीट समजावून सांगा, कारण हताश झालेल्या आईबापांना यात लाखांनी फसवलं जातं, आणि जमीन विकून आलेले लोक बघायला फार वाईट वाटतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बाळ जुळलंच तर प्रत्यारोपण दीड-दोन वर्षांनी होईल. तोवर मुलगी प्रत्यारोपणाला योग्य राहिली पाहिजे, आणि ती राहते की बिघडते हे तुमच्या हातात जास्त आहे. इटलीतल्या पेझारोच्या डॉ. लुकारेली यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी दाखवून दिलं की निकाल तीन गोष्टींवर ठरतो: यकृत किती वाढलंय, त्यात व्रण पडून ते कडक झालंय का, आणि लोह काढायचं औषध नियमित घेतलंय का. तिन्ही चांगल्या असलेल्या मुलांचे निकाल उत्तम, तिन्ही बिघडलेल्यांचे बरेच खाली.

लावलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशेच्या आसपास मिलीग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठतं. म्हणून लोह काढायची डिफेरासिरॉक्स गोळी चालू असेल तर ती रोज, यात्रा असो, लग्न असो, गावाला जाणं असो. विट्याहून कोईमतूरला जाताना गोळ्या घरी राहिल्या आणि महिना तसाच गेला, हे मी किती घरांत ऐकलंय. फेरिटिन, म्हणजे अंगात किती लोह साठलंय हे सांगणारी रक्ताची तपासणी, दर तीन महिन्यांनी बघा, ते हजाराच्या आसपास किंवा खाली ठेवायचा प्रयत्न हवा. लघवी आणि यकृताच्या तपासण्या त्या औषधासाठी लागतातच. आणि कुणी 'पोर पांढरी दिसते' म्हणून लोहाचं टॉनिक दिलं तर घेऊ नका.

रक्त लावण्यापूर्वीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान असावं. सहा-सातपर्यंत थांबायचं नाही, त्यानं प्लीहा वाढते आणि चेहऱ्याची हाडं रुंद होतात. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा, किंवा लावताना फिल्टर वापरा. आणि नात्यातल्या माणसांचं रक्त तिला लावू नका. काका, मामा, तुम्ही स्वतः, सगळे मायेनं पुढं येता, पण घरच्यांच्या रक्तामुळे तिच्या शरीराला त्या खुणांची ओळख होते आणि उद्या घरच्याच दात्याच्या पेशी ते फेकून देऊ शकतं. काकांना रक्त द्यायचंच असेल तर ब्लड बँकेत देऊ दे, बदल्यात तिला दुसऱ्याचं मिळेल. थॅलेसेमियाच्या मुलांना सरकारी ब्लड बँकेतून रक्त मोफत मिळतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

बाळ जुळलं तर पुढं काय, हे थोडक्यात. दवाखान्यात महिना-दीड महिना, त्यातले बरेच दिवस वेगळ्या खोलीत, एकाच माणसासोबत. आधी आठवडाभर तीव्र औषधं: केस जातात, तोंड सोलतं, खाणं बंद होतं. पेशी देण्याचा दिवस फार साधा असतो, रक्ताच्या पिशवीसारखी पिशवी लावतात. त्यानंतरचे आठवडे कठीण. घरी सोडल्यावरही केंद्राजवळ निदान दोन-तीन महिने खोली घेऊन राहावं लागतं आणि महिनोन्महिने औषधं चालतात. बाळसुद्धा तेव्हा लहानच असेल, म्हणजे एकानं मुलीजवळ, दुसऱ्यानं बाळाजवळ, धंद्यावर तिसऱ्यानं. हे आत्ताच घरात बोलून ठेवा. धोकाही स्पष्ट सांगते. चांगल्या केंद्रात, चांगलं यकृत असलेल्या लहान मुलात, दहातली साडेआठ-नऊ मुलं थॅलेसेमियातून मोकळी होतात, पण थोड्या मुलांत पेशी रुजत नाहीत आणि काही मुलं दगावतात. त्या औषधांनी पुढं मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. मुलगी आहे म्हणून हा प्रश्न केंद्रात आधीच विचारा, लाजू नका.

खर्च साधारण दहा ते पंधरा लाख. त्यासाठी थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून चालते. जुळणारं भावंड असलेल्या लहान मुलांना ठरावीक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं मुलांचं थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र आहे. तुम्ही कोईमतूरला असता म्हणून वेल्लोरची सीएमसी तुम्हाला जवळ पडेल, आणि थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाचा तिथं जुना, मोठा अनुभव आहे. एचएलएची मोफत शिबिरं काही संस्था घेतात, त्यांची चौकशी आमच्यासारख्या रक्त लावणाऱ्या केंद्रात करा.

बाळाला मेजर नाही, पण ते जुळलं नाही तर? तर तुमच्याकडे एक निरोगी बाळ असेल, आणि ते काही कमी नाही. त्याला 'उपयोगाचं नाही' असं घरात कुणी म्हणायचं नाही. जुळणारं मूल व्हावं म्हणून पुन्हा पुन्हा बाळंतपणं करणं, हे सासरचे सुचवतात आणि बाई गप्प बसते. मी त्याच्या विरुद्ध आहे. तोवर दात्यांच्या नोंदवह्यांत शोध घेता येतो, आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींनी प्रत्यारोपण करण्याचे निकालही सुधारत आहेत, जरी धोका भावंडापेक्षा जास्त असला तरी. आणि नीट रक्त, नीट लोह काढणं एवढ्यावरही आज मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात.

एक घरच्यांसाठी. तुमच्या आणि पत्नीच्या भावंडांची, त्यांच्या मुलांची एचपीएलसी करून घ्या. काही शे रुपयांची तपासणी आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न जमवण्याची रीत अजून आहे, आणि अशा घरात दोन वाहक एकत्र येणं सोपं असतं. पत्रिका बघतानाच हा कागदही बघावा.

या आठवड्यात एवढं करा: मुलीची फाईल घेऊन डीएनएचा रिपोर्ट आहे का बघा, नसेल तर पुढच्या वेळी रक्त लावण्याआधी तिघांचे नमुने द्या. वेल्लोरला किंवा बोरिवलीला फोन करून नाळेच्या पिशवीबद्दल विचारा. पत्नीच्या डॉक्टरांना भेटून नाळ एक मिनिट थांबवण्याचं आणि दोन जांभळ्या नळ्यांचं सांगा. प्रतिनिधीचा फोन आला तर त्याला पुढच्या महिन्यात बोलू म्हणावं. फेरिटिनचा शेवटचा आकडा आणि यकृताची सोनोग्राफी मला कळवा, म्हणजे मुलीबद्दल याहून नेमकं सांगता येईल.